हिंमतरावांचं मडकं

राजवीर जगदाळेची आणि माझी ओळख एका पाझरणाऱ्या बरणीवरून झाली. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी हॉलबाहेर टेबलं मांडतात. भाजणी, गोडा मसाला, खणाच्या पिशव्या, असलं काहीबाही. त्या वर्षी एका टेबलावर मातीची भांडी होती. राखाडी, तपकिरी, मधेच करपल्यासारखी. त्यातली एक झाकणाची बरणी मला लोणच्यासाठी आवडली. किंमत विचारली तर टेबलामागचा उंच, दाढीवाला माणूस म्हणाला, "ही नका घेऊ. ही पाझरते."

"मग मांडलीस कशाला?"

"दिसायला अच्छी आहे म्हणून."

मी जन्मभर केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायली सरकवल्या. आपल्या मालाचा दोष स्वतःहून सांगणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. त्याला चार शब्द सुनावून मी हट्टानं तीच बरणी घेतली. ती अजून पाझरते. मी खाली बशी ठेवते.

पुढच्या वर्षी त्यानं मला ओळखलं आणि शेडवर यायचं बोलावणं दिलं. मी मुनिरक्यात एकटी राहते, निवृत्त आहे, मला कोण कुठे बोलावतंय? गेले. मग जातच राहिले. तो मला मावशी म्हणायला लागला आणि मी त्याला हक्कानं रागवायला लागले.

त्याची शेड मानेसरच्या पलीकडे, अरवलीच्या बोडक्या टेकड्यांखाली एका गावाच्या कडेला होती. शेजारीच दोन खोल्यांचं भाड्याचं घर. बायको सुनयना मानेसरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात. सकाळी कंपनीच्या बसनं जायची, संध्याकाळी यायची. घर चालायचं ते तिच्या पगारावर, हे राजवीर स्वतःच सगळ्यांना सांगत असे. शेडच्या मागे विटांची भट्टी होती, बसलेल्या म्हशीसारखी लांबट आणि बुटकी. तिच्यात तो लाकूड जाळायचा. टेकडीवरची वाळलेली कीकर, म्हणजे तिकडची बाभूळ, आणि कारखान्यांत मोटारींचे सुटे भाग ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या. या भांड्यांना वरून रंग लावत नाहीत. लाकडाची राख ज्वाळेबरोबर उडते, भांड्यांवर बसते आणि त्या भयानक उष्णतेत वितळून तिचीच काच होते. कुठे हिरवट ओघळ, कुठे लाल झाक. भट्टीत कुठलं भांडं कुठे ठेवलं यावर सगळं अवलंबून. म्हणून भट्टी भरताना राजवीर एकेक कप हातात घेऊन, डोळे बारीक करून, ज्वाळा इथून येईल, इथे वळेल, असं स्वतःशी पुटपुटत बसायचा. भट्टी वर्षातून दोनदा लागायची. होळीनंतर एकदा आणि दसऱ्याआधी एकदा. दसऱ्यानंतर दिल्लीची हवा बिघडते आणि लाकूड जाळायला बंदी येते.

त्यातून कप, ताटल्या, बरण्या निघायच्या, तशाच नुसत्या कोपऱ्यात ठेवायच्या मोठमोठ्या सुरयाही. प्रदर्शनात बायका त्या हातात घेऊन "हाऊ रस्टिक" म्हणायच्या आणि परत ठेवायच्या. माझा तिळपापड व्हायचा. राजवीर हसायचा. त्याला अभिमान एकाच गोष्टीचा होता. "मावशी, पाडून बघा," असं म्हणून तो कप सिमेंटच्या जमिनीवर खरोखर सोडायचा. कप टणकन उडायचा आणि शाबूत राहायचा.

राजवीर फौजी घरातला. वडील हिंमतराव माणदेशातल्या खेड्यातून पलटणीत भरती झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आई तानूबाई. पोराचं लहानपण एका छावणीतून दुसऱ्या छावणीत गेलं आणि शेवटी दिल्लीत थांबलं. सुभेदाराचा मुलगा अफसर झाला पाहिजे, एवढी एकच इच्छा हिंमतरावांनी जन्मभर सांभाळली. मुलगा उंचापुरा, धावण्यात पहिला. निवड मंडळापुढे एकदा गेला आणि नापास होऊन आला. दुसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा गेलाच नाही. तोवर मुनिरक्यात खोली घेऊन राहणाऱ्या एका मित्राबरोबर तो कुंभारकामाच्या वर्गाला जाऊन बसला होता, आणि चाकावरून उठायचं नाव घेत नव्हता.

हिंमतरावांनी आरडाओरडा केला नाही. गावाकडचे पाहुणे जेवायला बसलेले असताना ते एवढंच म्हणाले, "चला, मी मेल्यावर मडकं तरी घरचं मिळंल."

पाहुणे खो खो हसले. तानूबाई भाकरी वाढता वाढता थांबल्या. हा प्रसंग राजवीरनं मला इतक्या वेळा सांगितला, की तो त्याला किती लागला होता हे मला कुणी सांगायला नको. पुढे लग्न झालं, शेड झाली, दोन पैसे मिळायला लागले, तरी हिंमतराव दिल्लीतच पालमला आपल्या घरात चहा स्टीलच्या पेल्यातूनच प्यायचे. मुलाच्या हातचं वाकडंतिकडं सगळं तानूबाई वापरायच्या. मिठाला, हळदीला, देवापुढच्या फुलांना. शेडवर मात्र सुभेदार एकदाही आले नाहीत.

आणि मग करोनाचा तो एप्रिल आला. दिल्लीत त्या महिन्यात काय झालं ते मी लिहिणार नाही, ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. तानूबाई त्यात गेल्या. हिंमतराव स्वतः तापानं फणफणलेले, त्यांना कुणी घराबाहेर पडू दिलं नाही. राजवीर एकटा गेला. स्मशानाबाहेर रांग होती. आत एका वेळी कितीतरी चिता. दाराशी एक दुकान असतं, तिथे बांबू, कापड, मडकी असं सामान मिळतं. राजवीरनं मडकं मागितलं तर दुकानदारानं रिकाम्या फळीकडे बोट दाखवलं. मडकी संपली होती. गुरुजी हात जोडून म्हणाले, "बेटा, पीछे लाइन है, ऐसे ही कर लो." चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरणं नाही, ते मागे टाकून फोडणं नाही. अग्नी दिला आणि पुढच्याला जागा करून दिली.

महिन्याभरानं हिंमतराव हिंडतेफिरते झाले तेव्हा त्यांनी सगळं बारीकसारीक विचारून घेतलं. मडक्याचं कळल्यावर म्हणाले, "कुंभाराच्या आईला मडकं मिळालं नाही." त्यात टोमणा नव्हता. राजवीर म्हणतो, टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ते पालमचं घर बंद करून मुलाकडे राहायला आले. एक लोखंडी ट्रंक आणि तानूबाईंची मिठाची बरणी, एवढं सामान. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ताठ म्हातारा, मिशा पांढऱ्याशुभ्र, बोलताना दम लागायचा. फुप्फुसं करोनानं अर्धी खाल्लेली आणि उरलेली दिल्लीची हवा खात होती. मी त्यांना सुभेदार म्हणायची, ते मला बाई. आमचं जमलं, कारण दोघांनाही जगात बऱ्याच गोष्टी नापसंत होत्या.

भट्टी लागली की ते लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला खुर्ची टाकून, तोंडाला फडकं बांधून बसायचे. धूर इकडे वळला की सुनयना त्यांना खुर्चीसकट हलवायची. तरी हटायचे नाहीत. हळूहळू त्यांना ज्वाळेचा रंग कळायला लागला आणि मग हुकूम सुटायला लागले. "राजा, डावीकडं लाकूड घाल! झोपलास का?" राजवीर "हो बाबा" म्हणून लाकूड घालायचा. असा आनंदी मी त्याला त्याआधी आणि नंतर कधी पाहिला नाही. चहाही आता मुलाच्या कपातून चालला होता. फक्त कप रिकामा झाला की सुभेदार त्याला नखानं टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे आणि "हं" म्हणायचे.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात, मी तिथेच असताना, त्यांनी ते मागितलं. दुपारची जेवणं झाली होती. "राजा, माझं एक काम कर. माझ्यासाठी मडकं कर."

"कसलं मडकं बाबा? पाण्याचं?"

"पाण्याचंच. पण खांद्यावर घ्यायचं."

राजवीर ताटात हात धुवत होता, तो तसाच राहिला. "बाबा, असलं काय बोलता? आणि ते दुकानात मिळतं."

"तुझ्या आईच्या वक्ताला मिळालं?" ते म्हणाले. "ती तशीच गेली. माझ्या मनातनं ते जात नाही. तू एकच कर, तुझ्या हातचं. दोघांचं एकातच फुटू दे. आणि हे बघ, पहिल्या फटक्याला फुटलं पाहिजे. तुझी भांडी फुटत नाहीत. लोकांपुढं ते बेडकागत उड्या मारत जायला नको."

आम्ही सगळेच हसलो. राजवीरही हसला. मग उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

तसं पाहिलं तर काम हातचा मळ. कुठलंही भांडं दोनदा भाजतात. आधी शेडच्या कोपऱ्यातल्या विजेच्या छोट्या भट्टीत हलकंसं, आणि मग बाहेरच्या मोठ्या भट्टीत लाकडावर. हलकं भाजलेलं भांडं गुलाबीसर असतं, हातातून निसटलं की तुकडे तुकडे. तेवढंच करून थांबायचं होतं. राजवीरनं मडकं घडवलं. मी पाहिलं ते. गोल, पातळ, बारीक गळ्याचं, अगदी देखणं. विजेच्या भट्टीत भाजलं आणि शेडच्या खिडकीत ठेवलं. हिंमतराव रोज फिरताना त्याच्याकडे बघून जायचे. एखाद्याचं परतीचं तिकीट काढून झालं की तो कसा निवांत होतो, तसे दिसायचे.

दसऱ्याआधी मोठी भट्टी लागली. निवायला ठेवली आणि ती उघडायच्या दिवशी मी गेले. दाराच्या विटा काढल्या, एकेक भांडं बाहेर यायला लागलं. दिल्लीत कलादालन चालवणारी देविका म्हणून एक बाई आली होती, ती प्रत्येक भांड्याला "ओ माय गॉड" म्हणत होती. मग राजवीरनं पुढच्या फळीवरून, जिथे आग सर्वांत जास्त लागते तिथून, एक मडकं काढलं. गळ्यापासून हिरवट काचेचा ओघळ आलेला, एका बाजूला उगवतीसारखी लाली. देविका गप्पच झाली. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर भांडं, यात कुणालाच शंका नव्हती. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकी रिकामी होती.

हिंमतराव खुर्चीवरून उठून आले. मडकं दोन्ही हातांत घेतलं आणि नखानं टिचकी मारली. पितळेचं भांडं वाजावं तसं ते खणखणलं, आणि आवाज बराच वेळ राहिला.

"हे फुटायचं नाही राजा," ते म्हणाले.

"चुकून गेलं बाबा. भट्टी भरताना गडबडीत, इतर भांड्यांबरोबर."

"चुकून?"

"हो."

सुभेदारांनी मडकं त्याच्या हातात दिलं आणि हळूहळू खुर्चीकडे गेले. देविका त्या मडक्याची किंमत विचारत होती. राजवीरनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी त्यानं मला बसथांब्यापर्यंत सोडलं तेव्हा मी सरळ विचारलं. एकेक कप तासभर न्याहाळून ठेवणारा माणूस सगळ्यात पुढच्या फळीवर मडकं चुकून ठेवतो, हे माझ्या गळी उतरणं शक्य नव्हतं.

"मावशी, यार," तो म्हणाला, "ते खिडकीत होतं ना, तर बाबा कसे रिलॅक्स झाले होते. जेवण कमी केलं, दवा टाळायला लागले. मला वाटलं, ते तयार आहे म्हणून हे तयार होतायत. ते नसलं तर थांबतील."

"अरे पण तुला त्यांनी एवढं एकच मागितलं."

"मालूम आहे मला," तो म्हणाला, आणि रडायला लागला. रस्त्यावर, मानेसरच्या शेअर ऑटोवाल्यांसमोर. मला त्याचा राग आला होता, तो तिथेच विरघळला. आपलं माणूस थोपवायला कोण काय करेल याचा काही नेम नाही.

दुसरं मडकं घडवून झालं, वाळलं. ते भाजायचं राहिलं. विजेच्या भट्टीची कॉइल गेली, असं राजवीरनं सांगितलं. खरोखरच गेली होती. कॉइल करोल बागेत, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे एक सरदारजी गुंडाळून देतात, तिथूनच आणावी लागते. राजवीर करोल बागेला गेला आणि हात हलवत परत आला. सरदारजींकडे तार नव्हती. पुन्हा गेला. दुकान बंद होतं. पुन्हा गेला. दर वेळी हिंमतराव विचारायचे, "मिळाली का?" आणि दर वेळी तो काहीतरी सांगायचा. दिवाळी झाली. हवा अशी झाली की शेडमधून टेकडी दिसेना. सुभेदारांच्या खोलीत ऑक्सिजनचं यंत्र आलं, घरभर त्याची घरघर. मग कधीतरी त्यांनी कॉइलचं विचारणं सोडून दिलं. सुनयना मला फोनवर म्हणाली, "बाबा विसरले बहुतेक. बरंच झालं." ते वाळलेलं कच्चं मडकंही एक दिवस फळीवरून पडून फुटलं, असं राजवीर म्हणाला. 

डिसेंबरात एका दुपारी मी तीळ आणि गूळ घेऊन गेले. राजवीर निघायच्या तयारीत होता, करोल बागेलाच. हिंमतराव दारात उभे होते. त्यांनी आपला हिरवा फौजी मफलर त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "नाकावरनं घे. हवा खराब हाय." तो गेला. मी स्वयंपाकघरात लाडवांसाठी तीळ भाजायला लागले. थोड्या वेळानं पाहते तर यंत्र घरघरतंय आणि खाट रिकामी.

सुभेदार शेडमध्ये होते. उलट्या घातलेल्या बादलीवर बसून, मांडीवर पोतं पसरून मातीचा गोळा अंगठ्यानं पोखरत होते. चाक वगैरे नाही. लहान मुलं करतात तसं, बोटांनी चिमटत चिमटत. एक बाजू जाड, एक पातळ, तोंड वाकडं. ओठ निळे पडले होते.

"सुभेदार, हा काय प्रकार? चला खाटेवर."

"थांबा बाई. झालं. गळा तेवढा राहिला."

"काय करताय तरी काय?"

"येळ जात नाही," ते म्हणाले. "जन्मभर पोराला नावं ठेवली. बघू म्हटलं, किती अवघड हाय ते." मग जरा दम घेऊन, "अवघड हाय."

मी हसले. म्हटलं, "राजवीर आला की नीट भाजून देईल. कॉइल आणायलाच गेलाय ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही रागावलेले वगैरे नव्हते. "त्याला दाखवू नका," म्हणाले. "हसंल." त्यांनी ते वाकडं मडकं जुन्या जर्सीत गुंडाळलं, मला हात धरायला लावला आणि आम्ही सावकाश घरात आलो. मला वाटलं, म्हाताऱ्याचा विरंगुळा. इतकी वर्षं माणसं वाचायच्या गप्पा मारणारी मी, मला काही म्हणजे काही कळलं नाही.

संक्रांतीच्या आत ते गेले. इस्पितळात, दोन दिवस नळ्या लावून. सकाळी सुनयनाचा फोन आला तशी मी निघाले.

गावाबाहेरच्या लहानशा स्मशानात पंधरा-वीस माणसं होती. गावातले काही, सुनयनाच्या कारखान्यातले दोघे, पालमचे निवृत्त फौजी. धुकं की धूर ते कळत नव्हतं. राजवीर पांढऱ्या कपड्यांत गाडीशी उभा होता आणि त्याच्या हातात ते मडकं होतं. हिरव्या ओघळाचं, लालीचं, न फुटणारं. दुकानातलं साधं मडकं गुरुजींनी आणून ठेवलेलं होतं. राजवीर म्हणाला, "नाही. माझ्या हातचं हवं होतं त्यांना. हेच घेणार. फुटो न फुटो."

तेवढ्यात सुनयना पुढे आली. तिच्या हातात जुनी फौजी जर्सी होती. "हे घ्या," ती म्हणाली. "ट्रंकेत होतं. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला सांगून ठेवलं. मी गेलो की राजाच्या हातात हे दे म्हणाले. त्याआधी बोलायचं नाही."

जर्सी उलगडली. वाकडं, जाड, मातकट रंगाचं मडकं. गळ्याशी बोटांचे ठसे तसेच. राजवीरनं ते हातात घेतलं मात्र, त्याचा चेहरा बदलला. हे भाजलेलं नाही, नुसतं वाळलेलं आहे, हे कळायला त्याला क्षणही लागला नाही. कच्च्या मडक्यात पाणी ओतलं तर काय होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याला होतं. त्यानं विचारलं, "हे कुणी केलं?"

सुनयनाला माहीत नव्हतं. मी सांगितलं.

 न फुटणारं मडकं त्यानं गाडीत ठेवलं.

अग्नी दिला. चिता धडधडायला लागली. गुरुजींनी मडक्यात पाणी ओतलं, राजवीरनं ते डाव्या खांद्यावर घेतलं आणि चालायला लागला. पहिली फेरी झाल्यावर गुरुजी दगड घेऊन भोक पाडायला पुढे झाले, तर तो म्हणाला, "रहने दीजिए, पंडितजी." भोकाची गरजच नव्हती. बुडातून गढूळ पाणी ठिबकत होतं, त्याच्या सदऱ्यावर पिवळट रेघ उतरत होती. दुसऱ्या फेरीत मडक्याची एक बाजू खचली. तो मान न हलवता, खांदा जरासुद्धा न लववता चालला होता, झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन चालतात तसा. हाताचा पंजा त्यानं खालून लावला होता, पण पंजात चिखल उतरत होता. तिसरी फेरी निम्मी झाली असेल, आणि मडकं त्याच्या खांद्यावरच विरघळून बसलं. आवाज झाला नाही. पाणी आणि माती त्याच्या छातीवरून, पाठीवरून खाली आली. तो तसाच उरलेली निम्मी फेरी चालला आणि डोक्याशी येऊन थांबला. मागे टाकायला हातात काही नव्हतं.

लोक आवाजाची वाट बघत उभे होते. मडकं फुटल्याचा आवाज झाला की पाठ फिरवायची, मागे बघायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक. इथे फुटलं की नाही हेच कुणाला समजेना. गुरुजी चुळबुळत म्हणाले, "दूसरा मटका रखा है, बेटा, विधि पूरी कर लो."

"हो गई पूरी," राजवीर म्हणाला. मग तोंडावर हात मारून तो ओरडला. रीत म्हणून ओरडतात, पण ते रीतीचं ओरडणं नव्हतं. पालमचे ते म्हातारे फौजी खाली मान घालून रडले. मीही रडले.

होळी होऊन गेल्यावर मी पुन्हा गेले. लाकडावरची बंदी केव्हाच उठली होती. कीकर रचून तयार होती, भांडी घडवून वाळवून फळ्यांवर मांडलेली होती. भट्टी थंड होती. राजवीर शेडच्या दारात नुसता बसला होता. गळ्यात उन्हाळ्यातही तो हिरवा मफलर. ते देखणं मडकं पुन्हा खिडकीत होतं, त्यावर धूळ.

मी आपली समजूत घालायला लागले. म्हटलं, "अरे, त्यांना ठाऊक होतं, तुझ्या हातून ते फोडणं व्हायचं नाही. म्हणून फोडायलाच लागू नये असं करून गेले. तुझी सुटका केली त्यांनी."

तो उठून घरात गेला आणि एक पुडकं घेऊन आला. करोल बागेच्या सरदारजींचा शिक्का असलेलं, सुतळीनं बांधलेलं. सुतळी सोडलेली नव्हती. आतल्या कॉइलचा आकार वरून कळत होता.

"पहिल्याच खेपेला आणली होती," तो म्हणाला. "शेडमध्ये डब्यांच्या मागे लपवली. नंतर नुसताच जायचो. मार्केटमध्ये फिरायचो, चहा प्यायचो, परत यायचो."

मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. "बरं, मग?"

"मग काय? काल बाबांची ट्रंक रिकामी केली. हे ट्रंकेत होतं. जर्सी होती तिथंच, तळाशी."

 त्यानं ते पुडकं मांडीवर ठेवलं.

"त्यांना सापडली होती, मावशी. त्यांनी विचारायचं सोडलं ना, तेव्हाच. तुम्ही तीळ घेऊन आलात, त्याच्या खूप आधी. सगळं मालूम होतं त्यांना." त्यानं मफलरचं टोक हातात धरलं. "तरी दारात उभं राहून मला म्हणाले, नाकावरनं घे, हवा खराब हाय."